हा गिअरबॉक्स कोणी उतरवायचा नाही

मी, सत्यभामाबाई मोतीलाल रासेकर, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा घरकाम (सरकारी कागदावर बायकांसाठी दुसरा शब्द नसतो म्हणून तोच लिहिते), राहणार भंडारा, भांडेबाजाराच्या मागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टर तुलाराम यांनी तपासून लिहून दिले आहे. ते वाचून माझे दीर भय्याजी यांना हसू येईल, तर त्यांनी खुशाल हसावे. हृदयाचे मात्र डॉक्टरांनी काही लिहून दिले नाही. ते कधीही दगा देऊ शकते, म्हणून ही घाई.

वकिलांनी मला एक छापील मसुदा दिला होता. मसुदा चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हते. म्हणून त्यातले कायद्याचे शब्द तेवढे ठेवले आणि बाकीचे माझे लिहिले.

हे लिहिण्याचे कारण आधी सांगते, म्हणजे पुढे कोणाला कोड्यात पडायला नको. गेल्या महिन्यात मुंबईचे एक गृहस्थ आमच्या गल्लीत येऊन माझ्या गाडीभोवती फिरून गेले. त्यांना भय्याजींनी बोलावले होते. गृहस्थांनी खाली वाकून पाहिले, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, गाडी सुंदर आहे, पण गिअरबॉक्स हिचा नाही. तो काढून अस्सल बसवला तर घेतो. भय्याजी माझ्यासमोर म्हणाले, "आता तं वहिनी आयकत नाई. पुढं पाहू." हे पुढं म्हणजे माझ्या मरणानंतर. तर भय्याजी, पुढचे मी आजच पाहून ठेवते.

कलम एक. माझे यजमान कै. मोतीलाल रासेकर यांचे घर पितळी भांड्यांच्या व्यापारातले. माझे माहेर मोहाडीकडच्या निपाने आडनावाच्या विणकरांचे. आमचे लग्न एकोणीसशे बावन्न साली नागपूरला कचेरीत झाले. जात वेगळी, म्हणून माझ्या सासऱ्यांनी सहा महिने मला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. भय्याजी तेव्हा मिसरूड फुटलेले पोर होते, पण शब्द मोठ्या माणसाचा वापरला. दारात उभे राहून म्हणाले, "दादानं घर बाटवलं." यजमानांनी त्यांच्या थोबाडीत मारली. ती थोबाडीत आजतागायत माझ्या खात्यावर आहे असे भय्याजी समजतात. आम्हाला मूल नाही. म्हणून सगळ्या भंडाऱ्याने आपापल्या परीने माझा वारस ठरवून ठेवलेला आहे. त्या सगळ्यांचे श्रम मी या कागदाने वाचवते.

कलम दोन. माझ्या वाट्याचे अर्धे घर, म्हणजे अंगणात भिंत घातल्यानंतर पूर्वेला राहिलेले, कडुनिंब आणि गाडीची शेड धरून, मी माझी पुतणी कु. चंद्रकांता भय्याजी रासेकर हिला देते. होय, भय्याजींचीच मुलगी. भय्याजी, खुर्चीत नीट बसून घ्या, अजून बरेच आहे.

कलम तीन. माझा हातमाग धाकटी बहीण रुखमा, राहणार करडी, हिला द्यावा. पोस्टात जे असेल तेही तिचे. तिचा नवरा धानाच्या शेतीत रमलेला भला माणूस आहे, पण त्याला माग म्हणजे कपडे वाळत घालायची जागा वाटते. रुखमाने त्यावर कपडे वाळत घालू देऊ नयेत. या मागानेच मला गाडी चालवायला शिकवले. पायाने पावडी दाबायची, त्याच क्षणी हाताने धोटा फेकायचा, डोळे मात्र समोर कापडावर. देवाजी मिस्त्रींनी मला क्लच आणि गिअर समजावून सांगितले तेव्हा मी म्हटले, हे तर मी सात वर्षांची असल्यापासून करते आहे.

कलम चार. गाडी. हिची हकीकत लिहिल्याशिवाय हिची वाटणी लिहिता येत नाही.

मँगनीजच्या खाणीवर एक गोरा साहेब होता. त्याची ही दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल एम. जी. साहेब मायदेशी गेला, गाडी लिलावात निघाली आणि माझ्या यजमानांनी ती घेतली. घरात पाणी भरायच्या पितळी गुंड-घागरींचे बैलगाडीभर वजन आणि मालक फिरतो कशातून, तर ज्यात डबा ठेवायला जागा नाही अशा गाडीतून, म्हणून बाजार हसला. यजमानांचा जीव त्या गाडीत होता. गिअर टाकण्यात मात्र तो अजिबात नव्हता. क्लच अर्धा दाबायचा आणि दांडा असा ढकलायचा की जणू दुकानाचे कुलूप अडकले आहे. त्र्याहत्तर साली तुमसरच्या रस्त्यावर आतले दात तुटले. बैल लावून गाडी घरी आणली. त्या गिअरबॉक्सचे सामान विलायतेहून यायचे आणि विलायतेहून उत्तर येत नव्हते.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्या बंद गाडीत जाऊन बसत. स्टिअरिंगवर हात ठेवून. चहा मी तिथेच नेऊन देत असे. पुढच्या वर्षी गाडी न चालताच ते गेले. मला त्यांचा अजून राग येतो आणि अजून त्यांची आठवण येते. दोन्ही एकाच वेळी येतात, त्याला माझा इलाज नाही.

तेरावा झाला आणि भय्याजी म्हणाले, "वहिनी, आता हे लोखंड कबाड्याले देऊन टाका. बाईमानसाले काय करायची मोटार?" मी म्हटले, चालवायची. ते हसले. मला वाटते मी गाडी चालवली ती त्या हसण्यामुळे.

कोंढ्याचे देवाजी तेव्हा एस. टी. च्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन घरी बसले होते. ते आले, गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाई, हिचं अन् ॲम्बॅसिडरचं इंजिन एकाच खानदानाचं दिसते. ॲम्बॅसिडरचा गिअरबॉक्स बसन. पन जुळवा लागन." आम्ही दोघे एस. टी. ने नागपूरला गेलो, कबाडी बाजारातून एका मोडलेल्या टॅक्सीचा गिअरबॉक्स घेतला आणि माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एस. टी. च्या सीटवर ठेवून आणला. कंडक्टर म्हणाला, "काय आहे हे?" देवाजी म्हणाले, "बाईचा गिअरबॉक्स." कंडक्टरने त्याचे लगेजचे तिकीट फाडले आणि भंडाऱ्यापर्यंत वळून वळून माझ्याकडे पाहत राहिला.

या गाडीत नुसता गिअरबॉक्स खाली उतरत नाही. इंजिन आणि तो एकत्रच वर ओढून काढावे लागतात. आम्ही कडुनिंबाच्या फांदीला कप्पी बांधली. इंजिन अर्धे वर आले आणि आमचा दोर एका जागी पिंजत चालला. देवाजी खाली, इंजिन वर, मी दोराला लोंबकळलेली. ओरडले तर सगळा बाजार जमा होईल म्हणून ओरडलेही नाही. इतक्यात भिंतीपलीकडून विहिरीचा जाडजूड नवा दोर माझ्या पायाशी येऊन पडला. कोणी टाकला ते मी पाहिले नाही आणि विचारलेही नाही. भय्याजी मात्र दहा वर्षे झाली तरी सांगतात की त्यांच्या विहिरीचा दोर चोरीला गेला.

नव्या गिअरबॉक्सचे तोंड इंजिनाशी बोल्टाला बोल्ट जुळले. शेपूट जुळेना. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून पुन्हा जोडावा लागला, खालची पट्टी सरकवावी लागली. त्याबद्दल तक्रार नाही. बाहेरून आणून बसवलेल्याला थोडे कापून, थोडे सरकवून घ्यावे लागते. मी या घरात तसेच केले आहे. पण बसल्यावर सगळा भार त्याच्यावरच आला आणि गाडी त्याच्यावरच चालली, हेही लिहून ठेवते.

मी बाजारात सगळ्यांना सांगून टाकले होते की या दसऱ्याला सोने द्यायला गाडीतून येईन. शहात्तर सालचा दसरा. सकाळी देवाजींनी शिरस्त्याप्रमाणे सगळे पाने, हातोडा आणि जॅक धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले घातली. पूजा झाली आणि मग आम्ही गाडी सुरू केली. मी पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे गेली.

झाले होते ते असे. ॲम्बॅसिडरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो, आमच्या गाडीत तो दोन सीटांच्या मध्ये खाली. वरची जोडणी खाली आणताना ढकलणे आणि ओढणे यांची अदलाबदल झाली. पहिल्याच्या जागी रिव्हर्स आला आणि बाकीचेही आपापली घरे सोडून बसले. मी म्हटले, देवाजी, फिरवा ते. अर्ध्या दिवसाचे काम होते. देवाजी पाटाकडे पाहून म्हणाले, "आज हत्याराले हात नाई लागत, बाई. पूजेत बसले हायेत थे. उद्या करून देतो."

मी म्हटले, उद्या दसरा असणार आहे का?

आणि गेले. मनातल्या मनात माग लावला, कुठला पाय, कुठला हात, आणि उलट्या गिअरने सगळ्या भंडाऱ्यात आपट्याची पाने वाटली. विधवेने सोने वाटत फिरावे की नाही यावर पुढे महिनाभर चर्चा चालली. ज्यांच्या दारी गेले त्यांनी पाने मात्र घेतली. शेवटी भय्याजींच्या दुकानासमोर थांबले. गिऱ्हाईकांच्या देखत ते म्हणाले, "वहिनी, दादाची गाडी बाटवली तुमी." तोच शब्द, चोवीस वर्षांनी. मी म्हटले, अस्सल होती तेव्हा हिच्यात कोंबड्या बसत होत्या, भय्याजी. आणि त्यांच्या हातात सोने ठेवले.

दुसऱ्या दिवशी देवाजी पाना घेऊन आले. मी म्हटले, राहू द्या. माझ्या हाताला बसले आहे.

ते किती बरे केले हे पुढे कळले. मी करडीला रुखमाकडे गेले असताना भय्याजींनी माझ्या देवघरातून किल्ली घेतली आणि नागपूरचा एक ड्रायव्हर बोलावून गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला काढली. ड्रायव्हर शिकलेला, वर्दीतला. त्याने पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागच्या मागे भय्याजींच्याच गोदामात शिरली. पितळी गुंडांची रास खाली आली. गाडीला एक ओरखडा. गिऱ्हाईक पळाले. मी परत आले तेव्हा भय्याजी एकेक पिचका गुंड उचलून पाहत होते. मी भाव विचारला. त्यातला एक गुंड विकत घेऊन आले.

कलम पाच. माझी सगळी हत्यारे, म्हणजे पाने, जॅक, कप्पी आणि कडुनिंबाची ती फांदी वठली तर तिचे लाकूडसुद्धा, देवाजी यांना द्यावीत. देवाजी आणि मी यांच्याबद्दल भंडाऱ्यात जे बोलले गेले ते मला ठाऊक आहे. विधवा बाई आणि परका पुरुष दुपारभर एका गाडीखाली काय करतात, असा प्रश्न होता. गिअरबॉक्स बसवतात. ज्यांना विश्वास नसेल त्यांनी एकदा ग्रीसने माखलेल्या हातांनी दुसरे काही करून पाहावे. देवाजींनी माझ्या घरी कधी जेवणसुद्धा घेतले नाही, डबा घरून आणला. माझ्यावर हसणाऱ्यांतले निम्मे त्यांच्यावरही हसले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. आयुष्यात मला मित्र म्हणावा असा तोच एक माणूस. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कलम सहा. दीर श्री. भय्याजी रासेकर यांना वगळले असे कोणी म्हणू नये. त्यांना मी गाडीचा मूळचा, विलायती, अस्सल गिअरबॉक्स देते. तो शेडमध्ये पोत्यात बांधून ठेवला आहे. आतले दात तुटलेले आहेत, पण अस्सल आहेत. मुंबईच्या गृहस्थांना तो हवा असेल तर भय्याजींनी जरूर विकावा. सोबत तो पिचका गुंडही द्यावा. त्यात पाणी राहते, मी वापरून पाहिले आहे.

कलम सात. गाडी, तिचे कागद, तिची किल्ली आणि तिच्यात बसवलेला ॲम्बॅसिडरचा गिअरबॉक्स मी कु. चंद्रकांता हिला देते. तिच्या एकटीच्या मालकीची. तिच्या वडिलांचा, होणाऱ्या नवऱ्याचा, सासूसासऱ्यांचा त्यावर काडीचा हक्क राहणार नाही. भय्याजी म्हणतात की गाडी विकून पैसा पोरीच्याच लग्नाला लावू. भय्याजी, पोरीला एकदा विचारले का? मी विचारले. ती म्हणाली, "काकू, गाडी इकून लगन करण्यापरीस लगन इकून गाडी ठेवीन." तिला मीच शिकवले, कोंढ्याच्या रस्त्यावर, तिच्या वडिलांच्या नकळत. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. दांड्याकडे बघतही नाही.

अट एकच. हा गिअरबॉक्स कोणी उतरवायचा नाही. फुटला, झिजला, तर दुसरा ॲम्बॅसिडरचाच बसवावा आणि जोडणी अशीच उलटी ठेवावी. कुठला गिअर कुठे आहे हे मी या कागदात लिहीत नाही. चंद्रकांताला माहीत आहे, तेवढे पुरे. भय्याजींना पुन्हा कधी परस्पर गाडी बाहेर काढावीशी वाटली तर त्यांनी आधी गोदाम रिकामे करावे.

कलम आठ. गाडीत दोनच माणसे मावतात, त्यामुळे मला तिरडीवरूनच जावे लागेल, इलाज नाही. पण अस्थी वैनगंगेवर गाडीतूनच न्याव्यात, टप उघडा ठेवून. चंद्रकांताने चालवावी आणि मडके शेजारच्या सीटवर ठेवावे. ज्या सीटवर यजमान बसून चहा पीत, ती चालवणाऱ्याची. मी नेहमी शेजारीच चहा घेऊन उभी राहिले. एकदा त्या शेजारच्या सीटवर बसून जायचे आहे. बायका घाटावर येत नाहीत असे कोणी अडवले तर चंद्रकांताने हॉर्न वाजवावा.

येणेप्रमाणे हे माझे शेवटचे लिहिणे. याआधी मी कुठे काही लिहून दिले असेल तर ते रद्द समजावे. भय्याजींना सोसायट्यांच्या कागदांवर माझी सही घ्यायची सवय होती, म्हणून हे मुद्दाम.

सही करण्याआधी एक गोष्ट लिहायची राहिली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवली होती. पहिले डॉक्टर तुलाराम. दुसरे आमच्या शेजारचे वयस्क मास्तर जागेश्वर यायचे कबूल झाले होते, पण आज निरोप आला की भय्याजींशी रोजचा संबंध, त्यामुळे जमणार नाही. डॉक्टर घड्याळ पाहत बसले होते. तेवढ्यात भिंतीतल्या छोट्या दारातून, जे वाटणीपासून कोणी उघडले नव्हते, माझी जाऊ ललिताबाई आली. भय्याजींची बायको, चंद्रकांताची आई. यजमान गेल्यापासून तेरा वर्षांत ती माझ्याशी लग्नकार्याशिवाय बोललेली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "चंद्री सांगे का तुमाले साक्षीदार पायजे. मले सही येते. कोठी करू?"

मी म्हटले, आधी वाच. तिने बसून सगळे वाचले, शब्दाखाली बोट सरकवत. दोराच्या जागी बोट थांबले. मग पुढे सरकले.

मी विचारले, "भय्याजी विचारतील तेव्हा काय सांगशील?"

"सही केली म्हून सांगीन," ती म्हणाली. "अन् दोर मीच फेकला होता, थे बी सांगीन."

ठिकाण : भंडारा
दिनांक : १२ फेब्रुवारी १९८७

लिहून ठेवणार :
सत्यभामाबाई मोतीलाल रासेकर

लिहून ठेवणार बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष :

१. डॉ. तुलाराम गभणे, भंडारा

२. ललिताबाई भय्याजी रासेकर, भंडारा, भिंतीपलीकडचे घर